तांदूळ निवडायला बसावं तसं प्रदर्शन पाहायचं

“सतरा डॉलर म्हणजे किती गं?”

“बाराशे रुपये.”

“बाराशे रुपये देऊन दगड बघायचे?”

एवढं बोलून आई छताकडे बघायला लागली. मॅडिसन अव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत शिरल्या शिरल्या छतभर गोल दिवे दिसतात, मांडवात उलट्या ताटल्या टांगाव्यात तसे. मी तिकिटं काढून येईपर्यंत तिने ते मोजायला घेतले होते आणि मी हाक मारल्यावर आकडा चुकला म्हणून माझ्यावरच चिडली.

२०१९चा नोव्हेंबर होता. आई वाईहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे तेव्हा ‘मेट ब्रॉयर’ ही दुसरी इमारत होती (पुढच्याच वर्षी त्यांनी ती सोडली). तिथे विया सेल्मिन्स या चित्रकर्तीचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. समुद्राचा पृष्ठभाग, तारे, वाळवंटाची जमीन, कोळ्याचं जाळं, दगड. माणूस जवळजवळ नाहीच. अशा प्रदर्शनाला पाहुण्यांना नेलं की दहाव्या मिनिटाला “झालं ना? आता कुठे?” असं ऐकायला मिळतं. आई त्या दिवशी तीन तास थांबली, आणि शांत प्रदर्शन कसं बघायचं हे मी पन्नाशीला टेकताना तिच्याकडून शिकले. ती रीत खाली लिहिते आहे. तुमच्या गावात सेल्मिन्स येणार नाही कदाचित, पण झाडापानांचं, पाण्याचं, मातीचं हळूहळू केलेलं काम घेऊन कुणी ना कुणी येतंच. रीत तिथेही लागू पडते.

आधी माझी फजिती सांगते. २०१३च्या हिवाळ्यात आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये, म्हणजे मोमामध्ये, वोल्फगांग लाइब या जर्मन कलाकाराचं काम होतं. हेझलनटच्या झुडपांचे परागकण गोळा करून त्याने जमिनीवर चाळले होते. अठरा फूट बाय एकवीस फुटांचा पिवळा चौकोन, कडा धूसर. हे परागकण तो १९९०च्या दशकापासून आपल्या गावाजवळ हाताने गोळा करत होता. मूळचा डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेला माणूस. मी काय केलं? कठड्याशी उभी राहिले, “वा, हळदच जणू” असं म्हटलं, फोटो काढला आणि पाचव्या मजल्यावर व्हॅन गॉगची तारांकित रात्र बघायला पळाले. सगळा मिळून दोन मिनिटांचा कारभार. पंधरा-वीस वर्षांच्या कामाला दोन मिनिटं. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, सहा वर्षांनी आईला दगडांपुढे वाकलेली पाहून वाटली.

लाज जास्त वाटायचं कारण म्हणजे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. इंजेक्शनची बाटली आधी पांढऱ्या फळीसमोर पाच सेकंद धरायची, मग काळ्या फळीसमोर पाच सेकंद. हळूच फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर बुडबुडे येतात आणि बुडबुडा कण वाटतो. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, पांढरा धागा काळ्यावर. हे मी पोरांना शिकवते. आणि स्वतः म्युझियममध्ये गेले की सगळं विसरून फोन काढते.

आईचा अनुभव माझ्याहून मोठा. अकरा माणसांच्या घराचे तांदूळ तिने पन्नास वर्षं निवडले.

आता रीत.

जायच्या आधी पोटभर खा. हा सल्ला कुणी देत नाही, म्हणून पहिला. उपाशी माणसाला चित्रात काही दिसत नाही आणि म्युझियमचं सँडविच आईच्या भाषेत “ना ताप ना वाफ” असतं. आम्ही एडिसनहून गाडीत बसताना तिच्या पिशवीत मेथीचे ठेपले होते. ते आम्ही पेन स्टेशनवरच संपवले, कारण आत खायला देत नाहीत. सपाट चपला घाला. पाठीवरची पिशवी नेऊच नका, नाहीतर ती पुढे घेऊन पोटुशी बाई चालावी तसं फिरावं लागतं. जमलं तर कामाच्या दिवशी, दार उघडायच्या वेळी जा.

घरी इंटरनेटवर चित्रं बघून जाऊ नका. दोनच गोष्टी माहीत करून घ्या: काम कशाने केलंय आणि करायला किती वेळ लागला. बाकी चरित्र नंतर. सेल्मिन्सबाईंचं चरित्र वाचण्यासारखं आहे. १९३८ साली लॅटव्हियातल्या रीगामध्ये जन्म, लढाईच्या धामधुमीत घरच्यांबरोबर जर्मनीत, मग दहाव्या वर्षी अमेरिका. हे आधी वाचलं, की प्रत्येक काळ्या कागदात युद्ध दिसायला लागतं. उलट “शिसपेन्सिल, कागद, खोडरबर” एवढंच डोक्यात ठेवून गेलात, तर डोळे पेन्सिल शोधतात. ते बरं.

आत गेल्यावर पहिल्या भिंतीपासून क्रमाने सुरुवात करायची नाही. इथे पहिली चूक होते. पहिल्या दालनात आपण फार भक्तिभावाने बघतो आणि चौथ्या दालनात पाय दुखायला लागतात. आधी पाखडायचं, मग निवडायचं. ज्यांनी सूप हातात धरलंय त्यांना कळलं असेल. पाखडताना दाण्याकडे बघत नाहीत. हाताला लय असते, कोंडा उडून पुढे जातो, दाणा मागे राहतो. तसा सगळ्या दालनांतून एक फेरा मारायचा, चालतच, दहा-बारा मिनिटांत. कुठेही थांबायचं नाही, नाव वाचायचं नाही. शेवटी दाराशी येऊन आठवायचं: काय मागे राहिलं? तेवढंच बघायला परत जायचं. तीन कामं खूप झाली. शंभरावर कामं होती तिथे. बाकीच्यांची माफी मागून मोकळं व्हायचं.

आईचे तीन: दगड, “ते पाणी” आणि कोळ्याचं जाळं. माझे: दगड, पाणी, तारे.

पाण्यापासून सांगते, कारण सराव तिथे होतो. सेल्मिन्स साठच्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसजवळ व्हेनिसला राहत होत्या. तिथल्या धक्क्यावरून त्यांनी समुद्राचे फोटो काढले आणि त्या फोटोंवरून पेन्सिलीने चित्रं केली. किनारा नाही, होडी नाही, क्षितिज नाही. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त लाटांच्या सुरकुत्या. पहिल्यांदा बघताना वाटतं, फोटोच आहे, ठीक आहे. मग पुढे जावंसं वाटतं. तिथे थांबायचं.

असं करा. चित्रापासून सात-आठ पावलं लांब उभे राहा. हात पाठीमागे बांधा, हे महत्त्वाचं आहे, का ते सांगते. आता अर्धं अर्धं पाऊल पुढे या. लांबून समुद्र असतो. जवळ गेल्यावर पेन्सिल असते. मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे समुद्राची पेन्सिल होते. ती जागा पायांनी शोधायची. सापडली की एक पाऊल मागे, एक पुढे, असं चार-पाच वेळा करा. माझी जागा चित्रापासून हातभर अंतरावर होती, आईची त्याच्या दुप्पट, तिच्या मोतीबिंदूमुळे. दोघींचा यावर वाद झाला. ती म्हणाली, “इथंच ते मोडतंय बघ,” आणि दाखवायला हात पुढे केला. रखवालदार दोन ढांगांत आला. बिचारा हसून म्हणाला, जरा मागे, मॅडम. म्हणून हात पाठीमागे.

मग निवडणं. ताटात तांदळाचा ढीग एका अंगाला असतो. सगळ्या ढिगाकडे कुणी बघत नाही. चिमूट चिमूट बोटांनी पुढे ओढायची, पसरवायची, नजर फिरवायची, पलीकडे लोटायची. चित्रातही तसंच. खालचा उजवा कोपरा घ्या (सगळे वरच्या डावीकडून सुरू करतात, वाचायची सवय असते, आणि वाचायच्या सवयीने डोळा घसरतो). कोपऱ्यातली एक सुरकुती पकडा. तिच्या उजेडाची बाजू कोणती, सावलीची कोणती, सावली कुठे संपते. मग तिच्या शेजारची. दहा सुरकुत्या झाल्या की तुम्हाला कळेल, दोन सारख्या नाहीत. मला सोळाव्या सतराव्यावर कळलं की पेन्सिल न लागलेला पांढरा भागच तिथे उजेड म्हणून वापरलाय, वरून पांढरं असं काही लावलेलंच नाही. बाईंना ते कागदावर हात टेकवायच्या आधीच ठरवावं लागलं असणार, कारण एकदा काळं झालेलं तितकं पांढरं परत होत नाही.

ताऱ्यांच्या चित्रांत उलटा मामला आहे. काही चित्रांत कोळशाने कागद काळा करून खोडरबराने तारा काढलाय, म्हणजे पुसलेली जागा हा तारा. आपण पाटीवर ओल्या बोटाने नक्षी काढायचो तसं. हे माझ्यासाठी काळी फळी-पांढरी फळीच झालं. माझं बघणं तिथे कामाला लागलं: प्रत्येक ताऱ्याची कड बघायची. कड कुरतडलेली की तलम? पुसलेल्या ताऱ्याची कड किंचित धुरकट असते. अशा काळ्या चित्रांपुढे उभं राहताना मधोमध उभे राहू नका, काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. एका बाजूला सरका आणि मिनिटभर काहीही न शोधता थांबा. गच्चीवर अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो ना, तसाच इथेही लागतो. आधी पंधरा तारे दिसतात, मग पन्नास.

आता दगड. यावर मी जास्त लिहिणार आहे.

कामाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘प्रतिमा स्मरणात पक्की करण्यासाठी’ असं काहीतरी होईल. प्रदर्शनालाही तेच नाव होतं. सेल्मिन्सना न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात फिरताना आवडलेले अकरा दगड. त्या प्रत्येकाचा ब्राँझचा ओतीव जुळा भाऊ करून घेतला आणि तो खऱ्या दगडासारखा हुबेहूब रंगवला. ठिपका न् ठिपका. १९७७ ते १९८२, पाच वर्षं. काचेखाली बावीस दगड, जोडीजोडीने. कुठला नदीकाठचा आणि कुठला रंगवलेला हे लिहिलेलं नाही.

मी हे आईला सांगितलं. पहिला प्रश्न आला, “पाच वर्षं! त्या वेळात स्वयंपाक कोण करत होतं?” मला उत्तर देता आलं नाही. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि वाकली.

पहिली पाच मिनिटं ती आणि मी दोघी रंगावरूनच ओळखायला बघत होतो. हा जरा जास्त तांबडा वाटतो, तो खोटा. नाही, तोच खरा. काही पत्ता लागेना. मग ती म्हणाली, “रंग सोड. रंग त्या बाईनं केलाच असणार, तिचं कामच ते. गारेचा खडा कसा सापडतो?”

हे समजावून सांगायला हवं. तांदळात काळा खडा असला तर लहान पोरही काढतं. भात, म्हणजे साल न निघालेला दाणा, तोही रंगावरून दिसतो. वाईट असतो तो गारेचा पांढरा खडा. आकार दाण्याएवढा, रंग दाण्याचा. जेवताना दाताखाली आला की घरातल्या बाईचा उद्धार. तो रंगावरून सापडत नाही. ताट उजेडाला धरून किंचित तिरकं करायचं. तांदळाची चमक दुधाळ असते, ताटभर एकसारखी. गारेची चमक टोकदार असते, आणि ताट हललं की ती जागच्या जागी लुकलुकते. म्हणजे ताट हलवायचं किंवा मान.

इथे ताट हलवता येईना, म्हणून आईने मान हलवली. गुडघे वाकवून डोळे दगडांच्या पातळीला आणले आणि डावीकडून उजवीकडे सरकली, परत उजवीकडून डावीकडे. मीही केलं. आणि खरोखर, एका जोडीतल्या एका दगडावर लहान लहान चमका सरकत होत्या, प्रत्येक वेगळ्या वेळी. दुसऱ्यावर उजेड सगळीकडून सारखा येत होता. दुसरी युक्तीही तिचीच: खळगे बघायचे. दगडातल्या खळग्यात अंधार आपोआप असतो आणि तुम्ही सरकलात की तोही सरकतो. रंगवलेल्यात थोडासा अंधार ‘ठेवलेला’ असू शकतो, तो हलत नाही. “हातात दिले असते तर डोळे मिटून सांगितलं असतं,” असंही म्हणाली. वजनावरून. ते कुणी देणार नव्हतं.

अकरापैकी सात जोड्यांवर तिने निकाल दिला. चार सोडून दिल्या. “यात मला कळत नाही” असं सरळ म्हणाली, आणि त्या चारांपुढेच सगळ्यात जास्त वेळ थांबली. सातांतले किती बरोबर, हे मला माहीत नाही. कुणाला विचारलं नाही, घरी येऊन शोधलं नाही. तुम्हीही शोधू नका. उत्तर कळलं की आपण दगड बघायचं थांबवतो आणि ‘बरोबर की चूक’ बघायला लागतो. माझ्या नोकरीत तेच करावं लागतं, बाटली पास की नापास. इथे ते डोक्यातून काढायला मला अर्धा तास लागला.

नावाच्या पाट्या आणि भिंतीवरचा मजकूर कधी वाचायचा? बघून झाल्यावर. भिंतीवर ‘चिंतनशील’, ‘अंतर्मुख’, ‘निसर्गाशी संवाद’ असं लिहिलेलं असतं, सगळीकडे असतं, आणि ते वाचलं की आपल्याला आलेला साधा विचार फालतू वाटायला लागतो. आईचा स्वयंपाकाचा प्रश्न कुठल्याच भिंतीवर नव्हता. पाट्यांवरची साहित्य आणि साल ही ओळ मात्र कामाची. ती वाचून परत चित्राकडे जा.

डोळ्यांना विश्रांती द्या. आमच्या तपासणीत तासाभरात माणसाला उठवतात, कारण थकलेल्या डोळ्याला सगळंच स्वच्छ दिसतं. प्रदर्शनात मी वीस मिनिटं धरते. त्या इमारतीला तिरक्या चौकटीच्या मोजक्याच खिडक्या आहेत. तिथे जाऊन रस्त्यावरच्या पिवळ्या टॅक्सी बघायच्या, लांबचं बघायचं. बाकड्यावर बसायला लाजू नका. गुडघे दुखायला लागले की कला संपते. आणि तेव्हा एक बरं होतं, तिकीट लागोपाठ तीन दिवस चालायचं. आईला कळल्यावर तिने दुसऱ्या दिवशीही चल म्हणून धोशा लावला होता, बाराशे रुपये वसूल करायला. मला रजा नव्हती.

वही न्या, पण पेन्सिलच. बहुतेक म्युझियममध्ये पेन चालत नाही, शाई उडायची भीती. वहीत प्रत्येक कामाबद्दल पाच वाक्यं लिहायची, आणि ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘शांत वाटलं’ हे शब्द बंद. ते बंद केले की बघावंच लागतं. माझ्या वहीत जाळ्याबद्दल आहे: “मधला भाग घट्ट, कडेला धागे ढिले. एक धागा तुटलाय. कोळी नाही. काळं आधी, जाळं नंतर. आई म्हणते, असलं माळ्यावर दिसलं तर मी झाडूच घेतला असता.” पाच वाक्यं.

फोटो काढायचेच असतील तर निघताना, आणि शक्यतो पाटीचा. समुद्राच्या त्या पेन्सिलीच्या चित्राचा फोनवरचा फोटो म्हणजे समुद्राचा फोटो. कुणाला दाखवला तर “हो का, अलिबाग का?” म्हणतील.

सोबत कोण असावं? एक जण. चौघं असाल तर दोन-दोन व्हा आणि दीड तासाने दाराशी भेटायचं ठरवा. पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. लहान मुलांना नेऊ नये असं मी मानत नाही, त्यांना काम मात्र द्यावं लागतं: सगळ्यात लहान तारा शोध, तुटलेला धागा शोध. काम संपलं की त्यांना बाहेर न्या, त्यांच्यावर संस्कार करायला थांबू नका.

मुंबईत असाल तर गोष्ट वेगळी, आणि काही बाबतीत सोपी. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शनं साधारण आठवडाभराची असतात. म्हणजे मंगळवारी पाखडायचं आणि शनिवारी निवडायचं, असं दोन खेपांत करता येतं. मी मुंबईत शिकत असताना आम्ही चित्रं बघायला जातोय असं सांगून तिथल्या ‘सामोवार’ या कॅफेमध्ये चहा प्यायला जायचो. ते २०१५ साली बंद झालं, त्यामुळे आता चित्रं बघण्यावाचून गत्यंतर नाही.

तिथे अडचण असते ती चित्रकाराचीच. तो किंवा ती दाराजवळ खुर्चीवर बसलेली असते आणि आपण आत शिरलो की बघत असते. आपल्याला चोरट्यासारखं होतं. पटकन एक चक्कर मारून “छान आहे हं” म्हणून सटकतो आपण. तसं करू नका. नमस्कार करा, “आधी बघून घेतो” म्हणा. ते फार आनंदाने बघू देतात. बघून झाल्यावर ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न टाळा, तो त्यांना दिवसातून चाळीस वेळा येतो. हे विचारा: हे करायला कुठे बसला होतात? सकाळ होती की दुपार? झाड समोर होतं की आठवणीतलं? कुठपर्यंत आल्यावर वाटलं की आता हात लावायचा नाही? मागे एकदा सुट्टीत गेले असताना एका जलरंगवाल्या गृहस्थांना मी असं विचारलं, तर ते उठून मला एका चित्रापुढे घेऊन गेले आणि पळसाच्या पानाची कड दाखवली. पावसाचा थेंब पडून रंग फुटला होता, ती कड त्यांनी तशीच ठेवली होती. मी तीनदा त्या चित्रासमोरून गेले होते, दिसली नव्हती.

अभिप्रायाच्या वहीत एकच ठोस गोष्ट लिहा. “तिसऱ्या चित्रातलं खालचं पान आवडलं.” ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ ने वही भरलेलीच असते.

घरी आल्यावर एक काम केलं तर पुढचं प्रदर्शन दुप्पट दिसतं. दगड आणा. मुठीएवढा, नदीकाठचा नको, फार गुळगुळीत असतो. रस्त्याच्या कडेचा आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गार, कॅल्साइट, झिओलाइट असली पांढरी खनिजं भरली. म्हणून काळ्यावर पांढरे डोळे दिसतात. बघायला भरपूर असतं. एकाच खिडकीत, एकाच जागी, रोज सकाळी त्याच वेळी पंधरा मिनिटं पेन्सिलीने काढा. एचबी आणि टूबी पुरे. बाहेरची रेघ आधी काढायची नाही, हे अवघड जातं. सगळ्यात काळा खळगा शोधून तिथून सुरू करायचं आणि शेजारी शेजारी सरकत बाहेर यायचं. उजेड एकाच बाजूने यायला हवा, वरचा दिवा बंद. पहिल्या दिवशी बटाटा होतो. दुसऱ्या दिवशीही बटाटाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो आणि तेव्हा सोडू नका, कारण माझ्या अनुभवात पाचव्या दिवशी पहिल्यांदा दगडाला मागची बाजू आहे असं वाटायला लागतं. चित्र कुणाला दाखवायची गरज नाही. माझी मी कपाटात ठेवली आहेत.

आई जानेवारीत परत गेली. महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर तिने दोन दगड कॅमेऱ्यापुढे धरले. घाटावर फिरताना सापडले म्हणाली, दोन्ही अगदी सारखे, आणि मला ओळखायला लावलं की पहिला कुठला होता. फोनच्या पडद्यावर काय कप्पाळ दिसणार. मी म्हटलं, डावा. ती म्हणाली, चूक. पुढल्या वेळी विचारलं तर एकच उरला होता खिडकीत. दुसरा लोणच्याच्या बरणीत फोडींवर वजन म्हणून गेला होता, बरोबर मापाचा होता म्हणे.